परवानगी बर्थला नको, जहाजाला द्या : मुंबईतील बंदर व सीमाशुल्क प्रशासनास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, मुंबई बंदर प्राधिकरण,
मा. अध्यक्ष, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण,
आणि मुंबई सीमाशुल्क विभागाच्या तिन्ही परिक्षेत्रांचे मा. मुख्य आयुक्त

विषय : बंदरातील कोंडीच्या काळात अँकरेजवरील जहाजांना सुटे भाग पोहोचवण्याची कार्यपद्धती

महोदय, महोदया,

मुंबई आणि न्हावा शेवा या दोन्ही बंदरांत येणाऱ्या जहाजांना सुटे भाग पोहोचवणे हा आमचा रोजचा व्यवसाय आहे. सहारच्या एअर कार्गो संकुलात उतरलेला खोका सोडवून घ्यायचा, सीलबंद गाडीतून बंदरावर न्यायचा, धक्क्यावर किंवा लाँचमधून जहाजाच्या क्रेनखाली आणायचा आणि मास्टरची (कप्तानाची) सही व जहाजाचा शिक्का घेऊन परत यायचे, एवढेच आमचे काम. बंदर सुरळीत चाललेले असते तेव्हा या कामाकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि जायचे कारणही नाही. मात्र बंदरात कोंडी झाली, बर्थच्या, म्हणजे धक्क्याला लागण्याच्या जागेच्या, तारखा पुढे सरकू लागल्या आणि बाहेर अँकरेजवर, म्हणजे नांगर टाकून थांबण्याच्या जागी, जहाजांची रांग लागली, की सर्वांत आधी कोलमडते ते हेच काम. त्याबाबतची आमची मागणी सुरुवातीलाच स्पष्ट करतो : सुटे भाग देण्याची परवानगी एखाद्या बर्थसाठी न देता त्या जहाजासाठी द्यावी, आणि ते जहाज दोन्ही बंदरांच्या पाण्यात जिथे उभे असेल तिथे ती चालावी.

कोंडी कशी होते हे आपल्याला आम्ही सांगण्याची गरज नाही. 7 ऑगस्ट 2010 रोजी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ ही जहाजे मुंबईच्या तोंडाशी एकमेकांवर आदळली, चित्रावरचे शेकडो कंटेनर पाण्यात पडले आणि दोन्ही बंदरांची सामायिक असलेली जलवाट काही दिवस बंद ठेवावी लागली. जून 2017 मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्याने न्हावा शेव्यातील एका टर्मिनलची संगणकव्यवस्था ठप्प झाली, तेव्हा जलवाट मोकळी होती, क्रेन जागेवर होत्या, तरीही काम अडले. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, युरोपच्या मार्गावरची जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, वेळापत्रके विस्कटली आणि दिवसाआड येणारी जहाजे एकाच दिवशी दारात येऊन उभी राहू लागली. 2024 च्या मध्यावर तर सिंगापूरसारख्या बंदरातही कंटेनर जहाजांना बर्थसाठी दोन-तीन दिवस थांबावे लागत होते. कारणे दर वेळी वेगळी असली तरी अँकरेजवरचे चित्र तेच असते, आणि ते इतक्या वेळा दिसून गेले आहे की कोंडीला आता अपवाद समजून प्रत्येक वेळी नव्याने अर्ज, विनंत्या आणि फोन करत बसण्यात अर्थ उरलेला नाही.

अशा काळात आयातदारांचा माल, निर्यातीचे कंटेनर, गेटबाहेरच्या ट्रेलरच्या रांगा यांची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. बाहेर थांबलेल्या जहाजाची चर्चा फक्त ‘किती थांबली आहेत’ या आकड्यापुरती होते. वास्तविक नांगर टाकलेल्या जहाजाचे मुख्य इंजिन तेवढे बंद असते. जनरेटर, बॉयलर, प्युरिफायर, पिण्याच्या पाण्याचे पंप, शीतगृहाचे कॉम्प्रेसर अहोरात्र चालतात, आणि रीफर (शीत) कंटेनर भरलेले असतील तर विजेची मागणी धक्क्यावर असताना असते तितकीच असते. यंत्रे चालतात तशी झिजतात, आणि एखादा भाग नादुरुस्त झाला तर तो आज लागतो. बर्थ मिळेल त्या दिवशी तो मिळून बऱ्याचदा उपयोग नसतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम नोंदवतो, कारण कचेरीत बसून ती लक्षात येणे कठीण आहे. दुरुस्तीच्या दृष्टीने अँकरेज हीच जहाजासाठी सर्वांत सोयीची जागा असते. कंटेनर जहाज धक्क्याला लागले की बहुतेक वेळा दिवसाच्या आत सुटते. तेवढ्या वेळात चीफ इंजिनियरला तेल घ्यायचे असते, तपासण्यांना सामोरे जायचे असते, माणसांची अदलाबदल करायची असते, आणि इंजिन सुटण्याच्या वेळेला तयार ठेवायचे असते. धक्क्यावर एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बदलायला काढणे म्हणजे जोखीमच. उलट अँकरेजवर दोन-चार दिवसांची निश्चिती असेल, हवामान बरे असेल आणि इंजिन उघडण्यासाठी लागणारी इमोबिलायझेशनची (इंजिन काही काळ बंद ठेवण्याची) परवानगी बंदराने दिली असेल, तर हेच काम शांतपणे, दिवसाउजेडी आणि माणसांना पुरेशी विश्रांती देऊन करता येते. थोडक्यात, कोंडीमुळे जहाजाला जो वेळ नाइलाजाने मिळतो तो दुरुस्तीला लावता येण्याजोगा असतो. त्या वेळात भाग जहाजावर पोहोचत नाहीत आणि पोहोचतात तेव्हा वेळ उरलेला नसतो, हे आम्ही वारंवार पाहतो.

एक उदाहरण देतो. बंदराचे आणि जहाजाचे नाव सांगत नाही, कारण दोष एका कचेरीचा नाही आणि तसा प्रकार पश्चिम किनाऱ्यावर कुठेही घडू शकतो. बर्थची वाट पाहणाऱ्या एका कंटेनर जहाजाच्या तीन जनरेटरपैकी एकाच्या फ्युएल पंपाचा प्लंजर आणि बॅरल निकामी झाला. हा भाग चपलांच्या खोक्यात मावेल एवढा असतो. जहाजमालकाने तो विमानाने मागवला, तो वेळेत उतरला, आणि जहाज अमुक बर्थला अमुक दिवशी लागेल असे गृहीत धरून कागद तयार झाले. मग बर्थ पुढे गेला. आम्ही अँकरेजवर भाग पोहोचवण्याची परवानगी मागितली, तेव्हा मूळ परवानगीत धक्क्याचे नाव असल्याने कागदातल्या दुरुस्तीचा अर्ज करायला सांगण्यात आले. दुरुस्ती होईपर्यंत शनिवार-रविवार आला. सोबत जाणारा अधिकारी दुसऱ्या कामावर होता. लाँच ठरवली होती तिचे भाडे गेले, विमानतळावरच्या गोदामाचे डेमरेज (माल उशिरा उचलल्याचे शुल्क) चढत राहिले, आणि अखेर जहाजाला रात्री अचानक बर्थ मिळाला तो आधीच्या कागदात होता त्याहून वेगळ्या टर्मिनलवर. पुन्हा दुरुस्ती. सकाळी कागद हाती आला तेव्हा जहाजाला बंदराबाहेर नेणारा पायलट जहाजावर चढला होता. तो खोका पुढच्या बंदराला परत विमानाने गेला.

यात पैसे किती गेले हा आमचा आणि जहाजमालकाचा प्रश्न आहे, त्याचे रडगाणे आपल्यापुढे गात नाही. आपल्याशी संबंधित भाग असा की ते जहाज दोनच जनरेटरवर अरुंद वाटेने आत आले आणि दोनच जनरेटरवर बाहेर गेले. बंदरात शिरताना बो थ्रस्टर (जहाजाचे नाक बाजूला ढकलणारा पंखा) चालवायचा तर जनरेटर जोडीने चालवावे लागतात आणि रीफरचा भार त्यावर वेगळा असतो; तिसरा जनरेटर त्या वेळी हाताशी असावा लागतो तो त्यासाठीच. 26 मार्च 2024 रोजी अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये ‘दाली’ या कंटेनर जहाजाची वीज बंदरातून बाहेर पडता पडता गेली आणि ते पुलाच्या खांबावर आदळले, त्यात पुलावर काम करणारे सहा जण प्राणाला मुकले. त्या दुर्घटनेचा सुट्या भागांच्या पुरवठ्याशी संबंध नव्हता आणि तसा तो जोडण्याचा आमचा हेतूही नाही. मात्र अरुंद वाटेत जहाजाची वीज जाणे म्हणजे काय, हे त्या दिवसानंतर कोणत्याही बंदर अधिकाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईची जलवाट दोन बंदरांची आहे आणि ती बंद पडली तर काय होते हे आपण 2010 मध्ये अनुभवले आहे. म्हणून जहाजाचा जनरेटर दुरुस्त होणे ही केवळ जहाजमालकाची नव्हे, बंदराचीही गरज आहे.

आता कागदांविषयी. कायदा आमच्या आड येत नाही, हे प्रथम मान्य करतो. सीमाशुल्क अधिनियम, 1962 मध्ये ‘स्टोअर्स’ची जी व्याख्या आहे तिच्यात इंधनाबरोबर सुटे भागही येतात, आणि ते लगेच बसवायचे असोत वा नसोत, असे व्याख्येतच म्हटलेले आहे. परदेशी फेरीवरच्या जहाजाने ते शुल्काविना वापरावेत याचीही तरतूद त्याच अधिनियमात आहे. म्हणजे महसुलाचा प्रश्न मुळात उरत नाही. उरतो तो एवढाच की शुल्काविना सोडलेला खोका खरोखर जहाजावर गेला, मधल्या वाटेत उतरला नाही, याची खात्री सरकारला हवी. ही अपेक्षा पूर्णपणे रास्त आहे. जहाजाच्या नावाखाली माल शहरात उतरवण्याचे प्रकार या किनाऱ्याला नवे नाहीत. शिवाय 26 नोव्हेंबर 2008 चे हल्लेखोर याच समुद्रातून आले, त्यामुळे मुंबईच्या पाण्यात फिरणाऱ्या प्रत्येक लाँचकडे, तिच्यावरच्या प्रत्येक माणसाकडे आणि खोक्याकडे संशयाने पाहिले जात असेल तर त्यात गैर काहीच नाही. बंदर सुरक्षेचा आयएसपीएस संकेत 1 जुलै 2004 पासून लागू आहे आणि त्याप्रमाणे लागणारे पास व याद्या आम्ही देत आलो आहोत. तपासणी कमी करा अशी आमची मागणी नाही. तपासणी एकदा करा आणि तिच्यावर सर्वांनी विश्वास ठेवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

कारण आज एकच खोका तीन घरे फिरतो. विमानतळ आणि एअर कार्गो हे मुंबई सीमाशुल्काचे तिसरे परिक्षेत्र, न्यू कस्टम हाउसचे पहिले आणि न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाउसचे दुसरे. सहारला तपासून सील केलेला खोका ज्या बंदरात जायचा तिथल्या कचेरीत पुन्हा नोंदवावा लागतो, आणि जहाजाचे बंदर ऐन वेळी बदलले, म्हणजे इंदिरा डॉकला लागणारे जहाज न्हावा शेव्याला गेले किंवा त्याच्या उलट झाले, तर कागद एका परिक्षेत्रातून दुसऱ्यात हलवण्यात जो वेळ जातो तेवढ्यात जहाज काम उरकून सुटू शकते. 12 जानेवारी 2024 रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाल्यापासून शिवडीहून न्हाव्याच्या बाजूला गाडी काही मिनिटांत पोहोचते. कागदाला मात्र अजून खाडीला वळसा घालून जावे लागते, असे आमच्यातले लोक म्हणतात आणि त्यात अतिशयोक्ती फार नाही. कोंडीच्या दिवसांत तर बंदर बदलणे हा जहाजांचा नेहमीचा उपाय असतो. गुजरातमधल्या मुंद्रा, हजिरा किंवा पिपावावला वळलेल्या जहाजाचे तर विचारूच नये.

अँकरेजवरच्या जहाजाबाबत आणखी एक पेच आहे. ते जहाज ‘आले’ असे कधी समजायचे? बंदराच्या दृष्टीने ते हद्दीत आले, त्याने नांगर टाकला, रांगेत नंबर लागला. सीमाशुल्काच्या नोंदीत आवक मनिफेस्ट (जहाजावरील मालाची यादी) दाखल झालेले असले तरी पुढच्या नोंदी बर्थ मिळण्याच्या सुमारास होतात, आणि त्या झाल्या नसतील तर एखादा सावध अधिकारी जहाज अजून बंदरात आलेलेच नाही असे म्हणू शकतो. दुसरा अधिकारी त्याच परिस्थितीत परवानगी देतो. दोघांपैकी कोणालाही दोष देता येत नाही, कारण अँकरेजवर दिवसेंदिवस थांबणारे जहाज डोळ्यांसमोर ठेवून लेखी सूचना काढलेली नाही. जी आहे ती जहाज आले, लागले, सुटले या जुन्या चालीवर बेतलेली आहे. हा निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडण्याऐवजी आपण तिन्ही परिक्षेत्रांसाठी एकच जाहीर सूचना काढावी आणि तिच्यात दोन्ही बंदरांचे अँकरेज हे भाग पोहोचवण्याचे मान्य ठिकाण म्हणून लिहावे.

त्या सूचनेत परवानगी जहाजाच्या आयएमओ क्रमांकावर (कायमच्या ओळख क्रमांकावर) आणि त्या फेरीवर द्यावी. जहाज मुंबईच्या अँकरेजवर असो, इंदिरा डॉकमध्ये असो, जवाहर द्वीपाच्या तेल धक्क्यावर असो की न्हावा शेव्याच्या कोणत्याही टर्मिनलला असो, फेरी संपेपर्यंत तोच कागद चालावा. ठिकाण बदलल्यास नवा अर्ज न मागता फक्त कळवण्याची अट असावी. सहार ते बंदर या वाटेसाठी अधिकाऱ्याच्या सोबतीऐवजी इलेक्ट्रॉनिक सील वापरावे. हे काही नवे नाही. कोलकाता आणि विशाखापट्टणमहून नेपाळला जाणारे कंटेनर असे सील लावून, वाटेवर त्यांचा माग ठेवून आपल्याच विभागाने सोडले आहेत. शेकडो किलोमीटरच्या वाटेवर जे सील पुरते ते सहारहून बॅलार्ड इस्टेटला किंवा उरणला पुरायला हरकत नसावी.

खरी अडचण लाँचच्या वेळी होते, आणि तिथे थोडे थांबून लिहितो. आज प्रत्येक एजंट आपापल्या जहाजासाठी आपापली लाँच ठरवतो आणि सोबत जाणारा आपापला प्रिव्हेंटिव्ह (सीमाशुल्काचा देखरेख) अधिकारी मागतो. अँकरेजवर जहाजे कमी असतात तेव्हा हे चालून जाते. कोंडीत एकाच सकाळी सहा-सात अर्ज आले की अधिकारी कमी पडतात, मग ज्याचा आवाज मोठा त्याची लाँच आधी सुटते. नियमित वेळेबाहेर अधिकारी न्यायचा तर मर्चंट ओव्हरटाइमचा भरणा करावा लागतो, तो आम्ही करतो, पण पैसे भरले म्हणून माणूस उपलब्ध होतो असे नाही. यावर आमची सूचना अशी की कोंडी जाहीर झालेल्या काळात बंदराने सकाळी एक आणि दुपारी एक अशी सामायिक सप्लाय लाँच ठरलेल्या धक्क्यावरून सोडावी, तिच्यावर एकच अधिकारी असावा, आणि अँकरेजवरच्या जहाजांना ठरलेल्या क्रमाने ती भेट देत जावी. आदल्या संध्याकाळपर्यंत ज्याचे कागद पूर्ण असतील त्याचा खोका त्या लाँचवर जावा. भाडे आम्ही आपसात वाटून घेऊ. ज्याला वेगळी लाँच हवी त्याने ती आजच्याप्रमाणे ठरवावी.

अशा फेरीचे प्रत्यक्ष स्वरूप आपल्यापैकी ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. लाँच जहाजाच्या वाऱ्याआडच्या बाजूला लागते. वरून प्रोव्हिजन क्रेनचा हूक जाळी घेऊन खाली येतो. लाँच लाटेवर मीटर-दीड मीटर वर-खाली होत असते, म्हणून तांडेल लाट मोजतो आणि लाँच वर आली की खलाशी जाळीच्या कड्या हुकात अडकवून मागे सरतो. खोका हलका असेल तर हे मिनिटभराचे काम असते. सिलिंडर लायनरसारखा काही टनांचा नग असेल तर त्यात जिवाची जोखीम असते, आणि असा नग अँकरेजवर चढवू नये असे आमचेही मत आहे. मग कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून दोरीने वर जातात, मास्टर सही करतो, शिक्का मारतो, पिशवी खाली येते. त्या शिक्क्यावर आमचा बाँड (खोका जहाजावर पोहोचवण्याचे हमीपत्र) सुटतो. तो शिक्का मिळेपर्यंत आम्हीही धास्तावलेले असतो, त्यामुळे खोका वाटेत गहाळ व्हावा अशी इच्छा असलेला माणूस या धंद्यात फार दिवस टिकत नाही. शिक्का मारलेल्या पावतीचे छायाचित्र अधिकाऱ्याने लाँचवरूनच प्रणालीत चढवावे आणि तेवढ्यावर बाँड मोकळा व्हावा, तर आणखी एक हेलपाटा वाचेल. बंदरांसाठी एनएलपी-मरीन ही एकखिडकी यंत्रणा 2023 पासून आहे, सीमाशुल्काची आइसगेट त्याआधीपासून आहे. ही पावती एकीत चढली की दुसरीलाही कळावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागेल. जून ते ऑगस्ट या महिन्यांत आउटर अँकरेजवर लाँच लावणे बऱ्याच दिवशी अशक्यच असते आणि त्या दिवशी ती लावू द्या असे आम्ही कधीही म्हणणार नाही. आमच्या लाँचवरची माणसे उरण, करंजा, अलिबाग आणि रत्नागिरीकडची आहेत. समुद्र कधी जाऊ देतो आणि कधी नाही हे त्यांना कोणी शिकवायला नको. या काळासाठी आमची विनंती अशी की तातडीचा भाग हवा असलेल्या जहाजाला, जागा असेल त्याप्रमाणे, काही तासांपुरते आतल्या आडोशाच्या अँकरेजवर यायची मुभा द्यावी, भाग घेऊन ते पुन्हा रांगेत आपल्या नंबरावर जावे. पायलटचा आणि हालचालीचा खर्च जहाजाने द्यावा. रांगेतला नंबर जाईल या भीतीने मास्टर हा पर्याय आज घेत नाहीत, म्हणून नंबर जाणार नाही असे लेखी सांगणे महत्त्वाचे.

सर्व भाग सारखे तातडीचे नसतात हेही मान्य केले पाहिजे. रंगाचे डबे, गॅलीतली (जहाजाच्या स्वयंपाकघरातली) भांडी, सहा महिन्यांनी लागणारे फिल्टर यांनी कोंडीत रांग मोडून पुढे येण्याचे कारण नाही. जहाज, माणसे आणि पाणी यांच्या सुरक्षेशी संबंधित भागांची एक छोटी यादी करून तेवढ्यांना अग्रक्रम द्यावा : जनरेटर व सुकाणूचे भाग, रडार आणि जायरोचे (होकायंत्राचे) भाग, अग्निशमन आणि लाइफबोटीचे साहित्य, तेलकट पाणी वेगळे करणाऱ्या यंत्राचे भाग, ईपर्बची (संकटात जहाजाचे ठिकाण कळवणाऱ्या यंत्राची) बॅटरी, लाइफराफ्टचे हायड्रोस्टॅटिक रिलीज (जहाज बुडू लागल्यास राफ्ट आपोआप मोकळा करणारा भाग). शेवटच्या वस्तूची मुदत दोन वर्षांची असते आणि ती जहाज रांगेत उभे असतानाही संपते. मग धक्क्याला लागल्यावर पोर्ट स्टेट कंट्रोलचा, म्हणजे परदेशी जहाजांची सुरक्षा तपासणाऱ्या यंत्रणेचा, निरीक्षक तीच त्रुटी लिहितो आणि सुटण्यापूर्वी दूर करा म्हणतो. तो त्याचे काम करत असतो. फक्त ती वस्तू त्याच वेळी सहारच्या गोदामात कागदाची वाट पाहत पडलेली असते, आणि त्रुटी दूर होईपर्यंत जहाज बर्थ अडवून बसते. त्यातून कोंडी आणखी वाढते. अग्रक्रमाचा निर्णय मास्टरच्या सहीच्या पत्रावर व्हावा, आणि खोटे पत्र देणाऱ्या एजंटची सवलत वर्षभर काढून घ्यावी; आमची हरकत असणार नाही.

सिंगापूरचे उदाहरण दिले की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया येतात, एक म्हणजे ‘तिथले वेगळे’ आणि दुसरी म्हणजे ‘आपणही उद्यापासून तसेच करू’. दोन्ही निरुपयोगी आहेत. तिथे जहाजांचा मोठा भाग अँकरेजवरच सुटे भाग, तेल आणि रसद घेतो, लाँच ठरलेल्या धक्क्यांवरून दिवसरात्र सुटतात, आणि 2019 मध्ये मरीना साउथ पिअरवरून जहाजावर ड्रोनने छोटे भाग पोहोचवण्याच्या चाचण्याही झाल्या. आम्ही ड्रोन मागत नाही. आम्हाला त्यातला लाँचचा ठरलेला धक्का आणि ठरलेली वेळ हवी आहे, आणि तेवढे मुंबईला जमण्यासारखे आहे.

आमच्या बाजूचेही लिहिले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी ठरेल. एजंट जहाजाची येण्याची वेळ उगीच आशावादी सांगतात आणि ती बदलली की सीमाशुल्काला सर्वांत शेवटी कळवतात. परदेशातून येणाऱ्या खोक्यांवर कित्येकदा केवळ ‘शिप स्पेअर्स इन ट्रान्झिट’ एवढेच लिहिलेले असते. आत काय, वजन किती, भाग क्रमांक कोणता, याचा पत्ता नसतो. लिथियम बॅटरी किंवा शीतकाचा सिलिंडर साध्या खोक्यात घालून पाठवणारेही आहेत, आणि असा एक खोका सापडला की अधिकारी पुढचे दहा उघडून पाहतात, ते योग्यच करतात. कोस्टल रनवर (देशातल्या देशात किनारी फेरीवर) बदललेल्या जहाजाला परदेशी फेरीची सवलत लागू नसते हे माहीत असूनही न विचारल्यास न सांगण्याची पद्धतही आमच्यात आहे. सामायिक लाँचसाठी अर्ज करणाऱ्याने खोकेनिहाय यादी, वजन, धोकादायक मालाची घोषणा आणि जहाजाचा फेरीचा दर्जा खोका विमानातून उतरण्यापूर्वीच दिला पाहिजे, अशी अट आपण घातलीत तर आम्ही ती पाळू आणि न पाळणाऱ्याच्या मदतीला जाणार नाही.

या सर्व मागण्या एकदम मान्य होतील अशी आमची अपेक्षा नाही. पावसाळा सुरू होण्यापूर्वीच्या शांत समुद्रात, एका महिन्यापुरती, एका धक्क्यावरून एक सकाळची सामायिक लाँच आणि तिन्ही परिक्षेत्रांत चालणारी जहाजनिहाय परवानगी, एवढा प्रयोग आपण करून पाहावा. किती खोके गेले, किती परत आले, कुठला कागद कुठे अडला याची नोंद आम्ही रोज देऊ, आणि ती आपल्या अधिकाऱ्यांनी तपासावी. प्रयोग ठरवण्यासाठी एक बैठक घ्यावी; त्या बैठकीला बंदराचा डॉक मास्टर, तिन्ही परिक्षेत्रांचा प्रत्येकी एक निर्णयक्षम अधिकारी आणि लाँचमालकांचा एक तांडेल असे पाच जण एका टेबलाशी बसावेत, आणि तांडेलाला शेवटच्या खुर्चीवर बसवू नये, ही विनंती.

आपला विश्वासू,
मुंबई आणि न्हावा शेवा येथे जहाजांना सुटे भाग पोहोचवणारा एक व्यावसायिक